७,८३० किलोमीटर म्हणजे किती तास? हेलसिंकी ते टोकियो, एक प्रकरण

हेलसिंकीच्या वांता विमानतळापासून टोकियोच्या नारिता विमानतळापर्यंतचं सरळ हवाई अंतर सुमारे ७,८३० किलोमीटर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते तेवढंच होतं आणि मार्चमध्येही तेवढंच राहिलं. फिनलंडच्या फिनएअर या कंपनीच्या विमानाला लागणारा वेळ मात्र या दोन महिन्यांत साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेला. विमान तेच, एअरबस ए३५०. इंजिनं तीच, वेग तोच, धावपट्ट्याही त्याच.

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाची वेळ सांगणारी गणकयंत्रं आपण सगळेच वापरतो. त्यांची रीत साधी असते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, गोलावरचं अंतर काढायचं, त्याला ताशी ८५० च्या आसपासच्या वेगानं भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास जोडायचा. हेलसिंकी-टोकियोसाठी हे गणित केलं तर ९ तास ४० मिनिटांच्या जरा वर उत्तर येतं. जाताना साडेनऊ आणि येताना दहाच्या आसपास, अशी या मार्गाची प्रत्यक्ष वेळ होती, म्हणजे सूत्र जवळजवळ मिनिटाला मिनिट जुळत होतं. मग एका आठवड्यात ते तीन तासांहून जास्त चुकू लागलं. मी हे प्रकरण निवडलं ते याच कारणानं. इथे अंतर हलत नाही, विमानही बदलत नाही, त्यामुळे वेळ आणखी कशाकशावर ठरते ते एकेक करून सुटं पाहता येतं.

आधी सरळ रेषेबद्दल

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून हेलसिंकी आणि टोकियो जोडले तर रेषा रशियाच्या दक्षिण भागातून आणि मंगोलियाच्या आसपासून तिरकी खाली उतरते. ही रेषा दिसते सरळ, पण ती लांबची आहे. होकायंत्राची एकच दिशा धरून या रेषेनं गेलं तर सुमारे ८,७७५ किलोमीटर पडतात. खरी जवळची वाट बृहद्वृत्ताची, म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो जिथून जाईल तिथली. ती हेलसिंकीहून ईशान्येकडे निघते, ६७ अंश उत्तर अक्षांशाच्याही थोडी वर चढते आणि मग आग्नेयेकडे वळत उतरते. दोन्ही शहरं आर्क्टिक वृत्ताच्या बरीच खाली असताना त्यांच्यामधली सगळ्यात जवळची वाट त्या वृत्ताला ओलांडून परत येते. हे पहिल्यांदा आकडेमोड करून पाहिलं तेव्हा मी गणित चुकलं समजून पुन्हा केलं होतं. चुकलं नव्हतं. घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्यानं करून पाहावं, पाच मिनिटांत पटतं.

त्या वाटेवर काय काय येतं? फिनलंडची सीमा लगेच संपते. मग श्वेत समुद्राचा परिसर, उत्तर उरल, सालेखार्डच्या आसपास वाटेचा सर्वांत उत्तरेकडचा टप्पा, पुढे पूर्ण सायबेरिया, ब्लागोव्हेश्चेन्स्कजवळ आमूर नदी, चीनच्या ईशान्य कोपऱ्याचा एक तुकडा, पुन्हा रशियाची किनारपट्टी, जपानचा समुद्र आणि टोकियो. एकूण अंतराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग एकाच देशावरून जातो. घोडं अडलं ते इथेच.

दार बंद

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. २७ तारखेला युरोपीय संघानं आपली हवाई हद्द रशियन विमानांना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि २८ तारखेला रशियानं ३६ देशांच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. फिनलंड त्या यादीत होता. आशियाकडच्या फेऱ्या फिनएअरला तडकाफडकी थांबवाव्या लागल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आकाश म्हणजे समुद्रासारखं, पुरेसं उंच गेलं की कुणाचंच नाही. तसं नाही. १९४४ च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरच्या हवाई हद्दीवर पूर्ण सत्ता आहे. एकमेकांच्या आकाशातून न उतरता पार जाण्याची मुभा देणारा वेगळा करार त्याच वर्षी झाला, पण रशिया त्यात नाही. त्यामुळे सायबेरियावरून जाण्याची परवानगी नेहमीच दोन देशांमधल्या स्वतंत्र समझोत्यावर होती, आणि युरोपीय कंपन्या त्यासाठी पैसेही मोजत होत्या. रोज इतकी वर्षं वापरलेली वाट आपल्या हक्काची वाटू लागते, पण ती दुसऱ्याच्या अंगणातून जात होती.

वळसा कुठून घ्यायचा

फिनएअरपुढे दोन वाटा होत्या, आणि दोन्ही द्राविडी प्राणायाम.

दक्षिणेची वाट बाल्टिक देश आणि पोलंडवरून खाली येते. युक्रेनचं आकाश युद्धामुळे बंद, म्हणून रुमानियाच्या बाजूनं काळ्या समुद्राला वळसा, मग तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन, दक्षिण कोरिया आणि जपान. मधले ठळक बिंदू जोडून मी बेरीज केली तर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास येते. टोकियो पूर्वेला असताना पहिले दोन तास विमान जवळजवळ सरळ दक्षिणेला जातं.

उत्तरेची वाट आणखी विलक्षण आहे. हेलसिंकीहून नॉर्वेचं उत्तर टोक, स्वालबार्ड, उत्तर ध्रुवाचा परिसर, ध्रुवापलीकडे अलास्काची बाजू, बेरिंग सामुद्रधुनी, आणि तिथून कामचात्काला उजव्या हाताला ठेवत पॅसिफिकवरून जपान. हेलसिंकी ते ध्रुव ३,३०० किलोमीटर. ध्रुवावरून नारिताला सरळ उतरता आलं असतं तर एकूण ९,३३० किलोमीटरांत काम भागलं असतं, म्हणजे मूळ वाटेपेक्षा दीड हजारच जास्त. पण टोकियोचा रेखांश साधारण १४० अंश पूर्व, आणि ध्रुवावरून त्या रेखांशानं खाली यावं तर याकुतिया लागतो. पुन्हा रशियाच. म्हणून ध्रुवानंतर भलत्याच बाजूला, अमेरिका खंडाकडे उतरावं लागतं. बेरिंग सामुद्रधुनी आणि अल्यूशन बेटांचा शेवट धरून हिशेब केला तर किमान ११,००० किलोमीटर होतात. रशियाच्या ताब्यातलं समुद्रावरचं आकाश टाळायला प्रत्यक्षात आणखी थोडं लांबून जावं लागतं.

९ मार्च २०२२ ला नारिताची फेरी उत्तरेच्या वाटेनं पुन्हा सुरू झाली. वेळ सुमारे तेरा तास.

ध्रुवावरून उडणं म्हणजे काय

नकाशावर रेषा ओढली म्हणजे वाट झाली असं विमानाच्या बाबतीत नसतं.

पहिली अडचण उतरण्याच्या जागांची. दोन इंजिनांच्या विमानाला नियम असा की वाटेवर कुठेही एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर ठरलेल्या मिनिटांच्या आत कुठल्या तरी योग्य विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे. या परवानगीला इटॉप्स म्हणतात. सायबेरियावर रशियन विमानतळ होते, म्हणून हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. ध्रुवाच्या वाटेवर तासन् तास खाली फक्त बर्फ. त्यासाठी फिनएअरनं ३०० मिनिटांची परवानगी मिळवली. पाच तास एका इंजिनावर! हा उद्गार माझा, अभियंत्यांचा नाही. ए३५०-९०० या विमानाला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता युरोपीय नियामकानं २०१४ मध्येच दिली होती. विमान तयार होतं, कंपनीला तिचे वैमानिक, देखभाल आणि कागदपत्रं त्या पातळीला न्यावी लागली.

दुसरी अडचण थंडीची. जगभर वापरल्या जाणाऱ्या जेट ए-१ या इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस असतो, आणि ध्रुवावर दहा-अकरा किलोमीटर उंचीवरची हवा हिवाळ्यात उणे ६५ किंवा ७० पर्यंत जाऊ शकते. वेगामुळे पंखावर घासणारी हवा थोडी तापते, त्यामुळे टाकीतलं इंधन बाहेरच्या हवेइतकं थंड होत नाही. तरी लांबच्या उड्डाणात वैमानिकांना त्याच्या तापमानावर नजर ठेवावी लागते. फार खाली जाऊ लागलं तर उंची कमी करायची, वेग वाढवायचा किंवा वाट वाकडी करून उबदार हवेत जायचं. यातल्या प्रत्येक उपायाला वेळ किंवा इंधन, काहीतरी मोजावं लागतं.

थंडीचा वेळेशी थेटही संबंध आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. अशी विमानं ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात उडतात, ए३५० साधारण ०.८५ पटीनं. ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. हवा उणे ५६ अंशांवर असेल तर ०.८५ पट म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटर, आणि तीच हवा उणे ७० वर गेली तर ८७५ च्या आसपास. यंत्रावरचा आकडा तोच दिसतो, पण विमान ताशी पंचवीसेक किलोमीटरनं मागे पडतं.

होकायंत्राचं तर काही विचारू नका. ध्रुवाजवळ चुंबकीय सुई निरुपयोगी होते, म्हणून तिथे खऱ्या उत्तरेच्या हिशेबानं, जडत्वीय यंत्रणा (विमानाच्या स्वतःच्या हालचाली मोजून जागा आणि दिशा सांगणारी) आणि उपग्रहांच्या भरवशावर दिशा ठरते. ध्रुवावरून नेमकं गेलं तर विमान जराही न वळता त्याची दिशा उत्तरेची दक्षिण होते. विषुववृत्तावर स्थिर असलेले संपर्क-उपग्रह साधारण ८२ अंशांच्या पलीकडे क्षितिजाखाली जातात, तिथे लांब पल्ल्याच्या रेडिओचा आधार घ्यावा लागतो, आणि सूर्यावर वादळ उठलं की तोही खरखरतो. अशा दिवशी ध्रुवाची वाट टाळतात.

वारा

दोन वळशांची लांबी जवळजवळ सारखी असेल तर निवड कशी करायची? इथे निकाल बराचसा वाऱ्याच्या हातात जातो.

मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीमचे झोत सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ते हिवाळ्यात जपानवर विशेष जोरात असतात हे कमी ठाऊक आहे. ते मोजलेही गेले ते जपानमध्येच. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून हे वरचे वारे टिपले, आणि जगानं वाचावं म्हणून १९२६ मध्ये अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. हेतू उदात्त, पण वाचणारे मोजकेच. पाश्चात्त्य जगाला या वाऱ्यांची ओळख दुसऱ्या महायुद्धात पटली, तीही बॉम्बफेकी विमानं त्यात अडकल्यावर.

हेलसिंकीहून टोकियोला दक्षिणेच्या वाटेनं जाताना हा वारा पाठीशी असतो. परत येताना तोच समोरून. समजा ४,००० किलोमीटरच्या टप्प्यात ताशी १५० किलोमीटरचा वारा आहे. पाठीशी असला तर ९०० च्या जागी जमिनीवरचा वेग १,०५० होतो आणि ३८ मिनिटं वाचतात. समोरून असला तर ७५० होतो आणि ५३ मिनिटं जास्त जातात. म्हणजे जाताना मिळालेलं येताना फिटत नाही, उलट पंधरा मिनिटं पदरची जातात. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, त्यामुळे त्याचा मारही जास्त वेळ खातं. सरासरी वेग धरणारी गणकयंत्रं ही बाब दुर्लक्षित करतात. म्हणून परतीच्या फेरीला ध्रुवाकडची वाट सोयीची पडते, तिथे समोरच्या झोतातून बरीच सुटका होते. कुठल्या दिवशी कुठली वाट, हे उड्डाणाआधी त्या दिवसाचे वारे पाहून ठरतं. तिकिटावर मात्र एकच वेळ छापावी लागते.

हे आधीही झालं होतं

२०२२ ची ही वाट नवी नव्हती, जुनीच होती. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना बंद होतं. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स सिस्टम या कंपनीनं २४ फेब्रुवारी १९५७ रोजी कोपनहेगनहून अँकरेजमार्गे टोकियोला ध्रुवीय सेवा सुरू केली, तीही डीसी-७सी या पंख्याच्या विमानांनी. पुढची तीन दशकं अलास्कातलं अँकरेज हे युरोप-जपान प्रवासाचं मुक्कामाचं ठिकाण होतं. विमानं इंधन घ्यायला उतरत आणि प्रवासी तासभर पाय मोकळे करत. त्या काळी प्रवास केलेल्या जपानी लोकांना तिथल्या उदोन नूडल्सच्या दुकानाची आठवण अजून येते म्हणतात. सायबेरियाचं दार १९६७ मध्ये एरोफ्लोत आणि जपान एअरलाइन्सच्या मॉस्को-टोकियो सेवेनं किलकिलं झालं, पण मोकळेपणानं वापरता येऊ लागलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. मग अँकरेजची प्रवासी गर्दी ओसरली.

एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरनं जादा टाक्या बसवलेल्या डीसी-१०-३०ईआर विमानानं हेलसिंकीहून टोकियोला कुठेही न उतरता, ध्रुवावरून सेवा सुरू केली. पश्चिम युरोपातून जपानला जाणारी ती पहिली विनाथांबा सेवा. वेळ साधारण तेरा तास. चार दशकांनंतर, किती तरी काटकसरी इंजिनं आणि कार्बन तंतूंचे पंख असलेलं विमान घेऊन, पुन्हा तेच तेरा तास.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला कोरियन एअर लाइन्सचं न्यूयॉर्क-सोल विमान अँकरेजहून निघाल्यावर वाट चुकलं, कामचात्का आणि साखालिनवरून गेलं आणि सोव्हिएत लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ जण गेले. नकाशावरचा वळसा प्रवाशाला नुसता वेळेचा अपव्यय वाटतो, तेव्हा ही घटना आठवते.

वेळ गेली की आणखी काय जातं

आता पैशाची बाजू. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

ए३५० तासाला ढोबळमानानं सहा टन इंधन जाळतं. साडेतीन तास वाढले म्हणजे एका फेरीत वीसेक टन जादा. ते जादा इंधन सुरुवातीपासून वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहून नेण्यासाठीही इंधन जळतं. वैमानिकांचा जादा संच लागतो. पण यापेक्षा मोठा घाव चोवीस तासांच्या चक्रावर बसला.

हेलसिंकी युरोपच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. लंडन, पॅरिस, माद्रिदहून टोकियोला जाणारी जवळची वाट उत्तरेला वळते, त्यामुळे हेलसिंकी त्या वाटेच्या जवळपासच पडतं. फिनएअरनं यावर सगळा व्यवसाय उभा केला होता: युरोपभरातून प्रवासी हेलसिंकीत गोळा करायचे आणि तिथून आशियाला न्यायचे. त्यात एक नामी गोम होती. जायला साडेनऊ, यायला दहा, मध्ये साफसफाई आणि इंधन, सगळं धरून एक विमान हेलसिंकीहून निघून टोकियो करून चोवीस तासांत परत हेलसिंकीत. म्हणजे रोजची फेरी, आणि तिला विमान फक्त एक. पश्चिम युरोपातल्या प्रतिस्पर्ध्यांना हे साधत नव्हतं.

तेरा अधिक तेरा म्हणजे सव्वीस, वर जमिनीवरचे तास. चक्र मोडलं. रोज ठरलेल्या वेळेला निघायचं तर आता एका विमानात भागत नाही. कंपनीची विमानं तेवढीच, पण त्यांच्यातून निघणारी आशियाची कामगिरी कमी झाली. शिवाय लंडन किंवा पॅरिसहून निघणाऱ्याला हेलसिंकीमार्गे जाण्यात वेळेचा जो फायदा होता तोही उरला नाही. चिनी कंपन्या रशियावरून उडतच राहिल्या, त्यामुळे चीनकडच्या मार्गांवर तर एकाच शहरजोडीसाठी दोन वेगळ्या वेळा दिसू लागल्या, कुणाची शेपटी कोणत्या रंगाची त्यावर. गणकयंत्रात शहरांची नावं टाकायला जागा असते, विमान कुठल्या देशात नोंदलेलं आहे ते टाकायला नसते.

मग वापराविना राहणाऱ्या विमानांचं काय करायचं? फिनएअरची काही ए३३० विमानं भाड्यानं देण्यात आली. २०२३ च्या अखेरीपासून फिनएअरच्या रंगातली विमानं, फिनएअरच्याच कर्मचाऱ्यांसह, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटाससाठी सिडनी-सिंगापूर या मार्गावर उडू लागली. तिथे अंतर सुमारे ६,३०० किलोमीटर आहे आणि वाटेत कुणाचं आकाश बंद नाही. ६,३०० भागिले ८५०, अधिक अर्धा तास: सात तास पंचावन्न मिनिटं. वेळापत्रकात आठच्या आसपासच लिहिलेलं असतं.